वाचकांचे प्रश्न : एक कोटी वीस लाख कार्डं आणि मॉन्सचं म्युझियम

मागच्या अंकात ग्रंथालयांवरच्या एका उत्तरात मी बेल्जियममधल्या मॉन्स गावातल्या मुंडानेउम या म्युझियमचा दोन ओळींत उल्लेख केला होता, की जगात छापलेल्या सगळ्याची नोंद कार्डांवर करायला निघालेल्या दोघा वकिलांचं काम तिथे जपून ठेवलंय. त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सगळ्यांचे प्रश्न घेणं शक्य नव्हतं, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आमची मुलगी ब्रसेल्सला शिकते, मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. ती म्हणते जवळच "कागदाचं गुगल" म्हणून एक म्युझियम आहे. हे नक्की काय प्रकरण आहे? आमचा लायब्ररीशी काही संबंध नाही, मग जावं का, की सगळं डोक्यावरून जाईल? (एक वाचक, नाशिक)

जाच. मॉन्स ब्रसेल्सपासून ट्रेनने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे, सकाळी निघालात तर संध्याकाळी आरामात परत याल. म्युझियम गावातच एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत आहे, १९९८ ला तिथे सुरू झालं आणि आतली मांडणी फ्रान्स्वा स्कुइतेन या नावाजलेल्या बेल्जियन कॉमिक्स चित्रकाराच्या कल्पनेतून झालीय. भिंतींना लागून वरपर्यंत लाकडी खणांची कपाटं, प्रत्येक खणाला पितळी मूठ आणि लेबल, आणि खणाच्या आत उभी लावलेली कार्डं. प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी वेबसाइटवर काय चालू आहे आणि सुट्टी कधी आहे ते बघून घ्या. बरंचसं फ्रेंचमध्ये असतं, मुलीला सोबत घ्याच.

आता प्रकरण काय ते सांगते. पॉल ओत्ले (जन्म १८६८) आणि आन्री ला फोंतेन (जन्म १८५४) हे दोघे ब्रसेल्सचे वकील. ओत्लेचे वडील ट्रामच्या धंद्यातले श्रीमंत गृहस्थ होते, पोराचं मन मात्र वकिलीत रमलं नाही, पुस्तकांच्या याद्या करण्यात रमलं. त्या काळात मासिकं, अहवाल, शास्त्रीय लेख यांचा नुसता पूर आला होता आणि एका देशातल्या माणसाने केलेलं काम दुसऱ्या देशातल्याला कळायचंच नाही, तोच तो अभ्यास पुन्हा पहिल्यापासून केला जायचा. तर १८९५ मध्ये या दोघांनी ठरवलं की जगात कुठेही, कुठल्याही भाषेत, कुठल्याही विषयावर छापलेल्या प्रत्येक पुस्तकाचं आणि लेखाचं एक कार्ड आपल्याकडे असायला हवं. पुस्तक नसलं तरी चालेल, पण ते आहे आणि कशावर आहे हे सांगणारं कार्ड हवं. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्याकडे ४ लाख कार्डं झाली होती.

एवढी कशी झाली असं वाटेल. मोठमोठ्या ग्रंथालयांचे छापील कॅटलॉग मागवायचे, त्यातली एकेक नोंद कात्रीने कापायची, साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डावर चिकटवायची, वर विषयाचा नंबर घालायचा, की गेलं कार्ड खणात. एक संच लेखकांच्या नावाने आणि एक विषयाच्या नंबराने. हेच काम वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी कार्डं १ कोटी २० लाखांच्या घरात गेली. ही सूची २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत घेतली गेली.

गुगलशी तुलना होते ती १८९६ पासून त्यांनी सुरू केलेल्या सेवेमुळे. तुम्ही पत्राने प्रश्न पाठवायचा, पैसे भरायचे, आणि ते तुमच्या विषयाची कार्डं काढून त्यांच्या नकला टपालाने पाठवायचे. १९१२ पर्यंत वर्षाला दीड हजारांवर प्रश्न येत होते. कुणी बूमरँगविषयी विचारलं, कुणी बल्गेरियाच्या अर्थव्यवहाराविषयी. आणि उत्तरात पन्नासपेक्षा जास्त कार्डं निघणार असतील तर आधी कळवायचे, की बाबा विषय फार मोठा आहे. ही गोष्ट मला फार आवडते, कारण विचारणाऱ्याची आणि त्याच्या पैशांची काळजी घेणारा माणूस पलीकडे बसला होता.

आता गुगलनेही २०१२ पासून या म्युझियमबरोबर काही कार्यक्रम केलेत, त्यांचं एक मोठं डेटा सेंटरही मॉन्सजवळ सेंट गिलेनला आहे, त्यामुळे "कागदाचं गुगल" हे नाव लोकांच्या तोंडी बसलंय. पण मला ते नाव पटत नाही आणि का पटत नाही ते मनापासून सांगते. सर्च इंजिन तुम्ही टाइप केलेले शब्द कुठे आहेत ते बघतं आणि स्वतःच्या हिशोबाने क्रम लावतं, तो क्रम का लागला हे तुम्हाला कळत नाही. इथे मात्र नोंद हातात घेऊन, ती कशाविषयी आहे हे माणूस ठरवायचा, आणि ठरवलेलं कार्डावर सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवायचा. चुकलं असेल तर कुणीही बोट ठेवू शकेल असं. तिथे गेलात की मोठ्या हॉलचे फोटो काढण्याआधी एखादं कार्ड जवळून बघा, त्याच्या कोपऱ्यातला नंबर बघा. सगळं काम त्या नंबरात आहे.

प्रश्न : मॅडम, मी ग्रंथालयशास्त्राला आहे. आम्हाला पुस्तकं विषयवार लावायच्या डेव्ही, यूडीसी आणि कोलन तिन्ही पद्धती आहेत पण सगळं पाठांतर चाललंय, ओत्लेचं नाव एका ओळीत येऊन जातं. यूडीसी म्हणजे डेव्हीलाच चार चिन्हं जोडलीत एवढंच ना? मग वेगळं शिकायचं कशाला? (विद्यार्थिनी, नांदेड)

तू विचारलंस ते बरं झालं, कारण बरेच जण असंच समजतात आणि परीक्षेपुरतं खपूनही जातं.

मेल्विल डेव्ही या अमेरिकन ग्रंथपालाची दशांश पद्धत १८७६ ची. ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असं आत आत जायचं. ओत्ले आणि ला फोंतेन यांनी १८९५ मध्ये ती बघितली आणि त्यांना एकदम पसंत पडली, कारण आकडे कुठल्याच एका भाषेचे नसतात, फ्रेंच माणूसही वाचेल आणि रशियनही. त्यांनी डेव्हीकडे परवानगी मागितली, ती मिळाली, आणि मग त्यांनी ती इतकी वाढवली की १९०५ ते १९०७ मध्ये तिचं पहिलं पूर्ण रूप छापून आलं तेव्हा ती वेगळीच चीज झाली होती. तिलाच आपण आज यूडीसी, म्हणजे युनिव्हर्सल डेसिमल क्लासिफिकेशन, म्हणतो.

फरक कुठे पडला ते समजून घे. डेव्हीपुढे प्रश्न होता पुस्तक कुठल्या शेल्फवर ठेवायचं. पुस्तक एकच, जागा एकच, म्हणून नंबरही एकच. ओत्लेला शेल्फ लावायचंच नव्हतं, त्याला लेखांची कार्डं लावायची होती, आणि लेख बघायला गेलं तर नेहमी दोन तीन गोष्टींच्या मध्ये बसलेला असतो. समजा विसाव्या शतकात भारतातल्या उसाला पाणी कसं दिलं जायचं यावर लेख आहे. ऊस म्हणजे ६३३.६१. शेतीचं सिंचन म्हणजे ६३१.६७. भारत म्हणजे कंसात ५४०. काळ अवतरण चिन्हात, विसावं शतक म्हणजे १९ ने सुरू होणारी वर्षं, म्हणून "१९". मग नंबर होतो ६३३.६१:६३१.६७(५४०)"१९". आजच्या तक्त्यांप्रमाणे सांगतेय हं, ओत्लेच्या वेळी काही आकडे वेगळे असणार.

आता हा नंबर डावीकडून उजवीकडे वाच. मधला कोलन सांगतो की ऊस आणि सिंचन यांचा एकमेकांशी संबंध आहे, या लेखात ते वेगवेगळे येत नाहीत. कंस दिसला की जागा. पण कंसात पहिला आकडा शून्य असेल तर जागा नाही, ते कागदपत्राचं रूप, म्हणजे (०५) आलं की नियतकालिक, (०९१) आलं की इतिहासाच्या अंगाने केलेली मांडणी. बरोबरचं चिन्ह आलं की पुढे भाषा. अधिक म्हणजे दोन विषय शेजारी शेजारी. तिरकी रेघ म्हणजे इथपासून तिथपर्यंतचे सगळे. आणि हा नंबर उलटाही करता येतो, सिंचन आधी आणि ऊस नंतर, त्याचं दुसरं कार्ड बनवून सिंचनाच्या खणात टाकायचं. म्हणजे ऊसवाला आला तरी लेख सापडणार आणि पाटबंधारेवाला आला तरी सापडणार. चार चिन्हं वाटतात पण त्यांनी नुसत्या आकड्यांना व्याकरण दिलं, आता त्यातून तक्त्यात आधीपासून नसलेले विषयही लिहिता येतात.

म्हणून पाठ करू नकोस, रोजच्या पेपरमधली एक बातमी घे आणि तिचा नंबर बनव. आणि शून्याचं लक्षात ठेव, डेव्हीत भौतिकशास्त्र ५३० असतं, यूडीसीत नुसतं ५३, तीन आकड्यांची सक्ती तिथे नाही. शिवाय ४ हा मुख्य वर्ग यूडीसीत रिकामा आहे, १९६० च्या दशकात भाषा तिथून उचलून ८ मध्ये साहित्याशेजारी नेली, पुढे लागली तर जागा असावी म्हणून. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठे होत्या? दोन पुरुषांचीच नावं सगळीकडे वाचली. (एक वाचक, डोंबिवली)

होत्या ना. ला फोंतेनची बहीण लेओनी पहिल्यापासून या कामात होती, आणि १९०९ मध्ये तिने स्त्रियांच्या प्रश्नांवरची कागदपत्रं आणि नोंदी जमवणारं वेगळं कार्यालय उघडलं. त्याआधी बेल्जियममध्ये कायद्याची पदवी घेतलेल्या मारी पोपेलँ यांना बाई म्हणून वकिलीची शपथ घेऊ दिली नव्हती, ही १८८८ ची गोष्ट, आणि ला फोंतेन भावंडं त्यांच्या बाजूने उभी राहिली. आज मॉन्सच्या संग्रहात शांतता चळवळ आणि अराजकवाद यांच्याबरोबर स्त्रीवादी चळवळीचा मोठा कागदपत्रसाठा आहे, त्याच्या मुळाशी लेओनीचं काम आहे. नाशिकच्या वाचकांनी तिथे गेल्यावर हेही आवर्जून विचारावं.

प्रश्न : एका व्हिडिओत ऐकलं की हे सगळं नाझींनी जाळून टाकलं. मग म्युझियममध्ये आहे ते काय, नकला? (इतिहासप्रेमी, सोलापूर)

नकला नाहीत, खरी कार्डं आहेत. आणि गोष्ट व्हिडिओत सांगतात तेवढी सरळ नाहीये.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये बेल्जियम सरकारने ओत्ले आणि ला फोंतेन यांना ब्रसेल्सच्या सँकाँतनेर पार्कमधल्या राजेशाही इमारतीत जागा दिली होती. शंभरावर खोल्या, त्यात कार्डं, पोस्टर, वर्तमानपत्रं, काचेच्या स्लाइड्स, आंतरराष्ट्रीय संस्थांची दालनं. ओत्लेचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये इझेरच्या लढाईत मारला गेला होता आणि ला फोंतेनला १९१३ चं शांततेचं नोबेल मिळालेलं होतं, म्हणजे या दोघांसाठी कार्डं हा नुसता अभ्यासाचा विषय नव्हता. देशांना एकमेकांचं ज्ञान सहज मिळालं तर ते एकमेकांशी लढायचे थांबतील असं त्यांना खरंच वाटत होतं आणि त्यासाठी त्यांनी सगळं आयुष्य घातलं. कुणाला भाबडेपणा वाटेल, मला तो मोठेपणा वाटतो.

पण पहिला घाव नाझींचा नव्हता. १९२४ मध्ये सरकारने रबराच्या व्यापारी प्रदर्शनासाठी त्यांच्याकडून जागा काढून घेतली, सामान हलवावं लागलं, पुन्हा लावलं, आणि १९३४ मध्ये सरकारने ते सगळं बंदच करून टाकलं. ओत्ले दाराबाहेर निषेध करत राहिला. वाईट वाटतं ते याचंच, की हे त्याच्याच देशाच्या सरकारने केलं, युद्ध नसताना. त्याच १९३४ मध्ये आलेल्या त्याच्या जाडजूड ग्रंथात त्याने लिहून ठेवलंय की पुढे टेबलावर पुस्तकंच नसतील, एक पडदा असेल आणि टेलिफोन असेल, पुस्तकं दूर कुठेतरी प्रचंड इमारतीत असतील आणि फोनवर मागितलेलं पान पडद्यावर दिसेल. कॉम्प्युटरच्या आधी! आणि हे लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या कार्डांच्या खोलीत जाता येत नव्हतं.

नाझी आले १९४० मध्ये. त्यांना त्या दालनांत जर्मन कलेचं प्रदर्शन भरवायचं होतं, त्यासाठी जागा रिकामी केली गेली आणि कित्येक टन कागद नष्ट झाला. जे वाचलं ते, कार्डांच्या मोठ्या भागासकट, लेओपोल्ड पार्कमधल्या एका जुन्या शरीरशास्त्राच्या इमारतीत नेऊन ठेवलं. ला फोंतेन १९४३ मध्ये गेला, ओत्ले डिसेंबर १९४४ मध्ये. त्यानंतर जवळपास सगळे विसरले. १९६८ मध्ये बॉइड रेवर्ड नावाचा ऑस्ट्रेलियन संशोधक, तेव्हा शिकागोत पीएचडी करत होता, तो ओत्लेच्या कागदपत्रांच्या शोधात तिथे पोचला तेव्हा खोलीभर कागदांचे ढीग आणि जळमटं होती. त्याने पुढे ओत्लेवर जन्मभर काम केलं आणि त्यामुळेच आज आपण हे बोलतोय. पुढे १९९३ मध्ये संग्रह मॉन्सला हलवायचं ठरलं. आज तिथे जवळपास सहा किलोमीटर भरतील एवढे कागद आहेत.

प्रश्न : महाराष्ट्राशी याचा काही धागा जुळतो का? ओढूनताणून नको, खरा असेल तर सांगा. (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, खरा धागा आहे आणि तो थेट मुंबई विद्यापीठात जातो. नगररचनेचे प्रसिद्ध स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडिस हे ओत्लेचे मित्र होते, दोघांचा पत्रव्यवहार होता, आणि सगळं ज्ञान एका नजरेत दिसेल असं म्युझियम कसं उभारायचं हा दोघांचा आवडता विषय. हेच गेडिस १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्यानंतर विभागाची जबाबदारी आली गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे, जे गेडिस यांचेच विद्यार्थी. घुर्यांवर ओत्लेचा प्रभाव होता असं मी अजिबात म्हणणार नाही, पण ब्रसेल्समध्ये कार्डं लागत होती तेव्हा त्या विचारातला एक जवळचा माणूस आपल्या मुंबईत वर्ग घेत होता एवढं नक्की.

भारताशी म्हणाल तर रंगनाथन. मद्रासचे, मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये लंडनला शिकायला गेले, आणि १९३३ मध्ये त्यांनी स्वतःची कोलन पद्धत छापली. विषय तुकड्यांत पाडायचा आणि तुकडे कोलनने जोडायचे हे त्यांनी ओत्लेच्या मंडळींपेक्षाही शिस्तीने केलं. ओत्लेने स्थापन केलेल्या संस्थेतून पुढे झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघात रंगनाथन यांनी वर्गीकरणाच्या समितीचं कामही बघितलं. आपल्याकडच्या बऱ्याच वैज्ञानिक संशोधन ग्रंथालयांनी मात्र यूडीसीच उचलली.

आणि एक नाव मला इथे घ्यायचंच आहे, शंकर गणेश दाते. त्यांचा ओत्लेशी काही संबंध नाही, पण काम त्याच जातीचं. १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची नोंद करणारी त्यांची मराठी ग्रंथसूची १९४३ मध्ये निघाली, ग्रंथालयं धुंडाळून, पुस्तकं प्रत्यक्ष हाताळून केलेली. दुसरा भाग १९६१ मध्ये आला. आज जुन्या मराठीवर काम करणारा माणूस दात्यांशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही आणि तरी शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव नाही. तुम्ही शिक्षक आहात म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात तीनेक हजार पुस्तकं आहेत, नुसती दाखल क्रमांकाने लावलेली. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत. ओत्लेची पद्धत लावावी म्हणतो. जमेल का? (वाचनालयाचा कार्यकर्ता, सांगली जिल्हा)

पुस्तकांना यूडीसी लावू नका दादा, तुम्हाला ती जड होईल आणि नवा माणूस आला की कोलमडेल. तीन हजार पुस्तकांना डेव्ही पुरते, साहित्य सोडलं तर तीन आकडे बास. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा कादंबरी ८९१.४६३. दाखल क्रमांकाचं रजिस्टर मात्र जसंच्या तसं चालू ठेवा, तपासणीला तेच लागतं. सॉफ्टवेअर फुकटही मिळतं, कोहा आहे, सरकारचं ई-ग्रंथालय आहे, जिल्हा ग्रंथालयात चौकशी करा.

ओत्लेकडून घ्यायचंच असेल तर दुसरी गोष्ट घ्या. तो म्हणायचा पुस्तकाच्या आत काय आहे त्याची नोंद हवी, पुस्तक हे नुसतं वेष्टन. तुमच्याकडे जुने दिवाळी अंक असतील, साखर कारखान्याच्या, शाळेच्या स्मरणिका असतील, पतसंस्थेचे अहवाल असतील. त्यात तुमच्या गावाविषयी, नदीच्या पुराविषयी, तालमीविषयी, तिथल्या माणसांविषयी लेख आहेत आणि ते कुणालाच सापडत नाहीत, इंटरनेटवर तर नाहीतच. त्यांची कार्डं करा. लेखाचं नाव, लेखक, कशात आलाय, वर्ष, पान, आणि खाली विषय, एकापेक्षा जास्त विषय असतील तर तेवढी कार्डं. मोबाइलवर एक्सेलमध्ये केलंत तरी चालेल, पण एक छापील प्रत वाचनालयात ठेवा.

आणि विषयांची नावं एकाच माणसाला ठरवू द्या. एकाने पाणी लिहिलं, दुसऱ्याने पाणीपुरवठा, तिसऱ्याने जलसिंचन, की वर्षभराने कुणालाच काही सापडत नाही. भिंतीवर ठरलेल्या नावांची यादी लावा, नवीन नाव घालायचं तर आधी यादीत बघायचं. जे नाव वापरायचं नाही त्याचंही एक कार्ड घाला, त्यावर एवढंच, "जलसिंचन : पाणी बघा". सुरुवात दिवाळी अंकांपासून करा, ते बहुतेक वर्षवारीने लावलेले असतात आणि त्यांची अनुक्रमणिका तयारच असते.